समासातले पाठभेद : जेर्मिन्यी-दे-प्रेचे चर्च

फ्रान्समधील ओर्लेआँ शहरापासून लुआर नदीच्या काठाने पूर्वेकडे निघाले की सुमारे ३० किलोमीटरवर जेर्मिन्यी-दे-प्रे हे लहानसे गाव लागते. गावात एक छोटे चर्च आहे. फ्रान्समधील सर्वांत जुन्या चर्चपैकी एक अशी त्याची ख्याती आहे आणि युरोपीय वास्तुकलेच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा आराखडा हमखास आढळतो. परंपरेने त्याच्या प्रतिष्ठापनेची तारीख ३ जानेवारी ८०६ अशी सांगितली जाते. आत पाऊल टाकल्यावर मात्र पाहणारा थोडा गोंधळतो. दगडांच्या कडा धारदार आहेत, सांधे सरळ आहेत, भिंती जवळजवळ कोऱ्या आहेत. बाराशे वर्षे उभ्या असलेल्या इमारतीवर झीज, डागडुजी, विसंगती यांचे जे थर साचतात ते इथे फारसे दिसत नाहीत. याचे कारण साधे आहे. आपण ज्या भिंतींकडे पाहतो त्यांतल्या बहुतेक १८६७ ते १८७६ या काळात ज्यूस्त लिश नावाच्या वास्तुविशारदाने नव्याने बांधल्या आहेत. एक पूर्वेकडचा कोनाडा आणि त्यातले कुट्टिमचित्र तेवढे जुने उरले आहे.

ही हकिकत वास्तुकलेच्या अभ्यासकांना चांगली ठाऊक आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी ती इथे मांडण्याचे कारण वेगळे आहे. जुन्या ग्रंथाची संहिता सिद्ध करताना संपादकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच प्रश्न जुनी इमारत 'दुरुस्त' करताना उभा राहतो: मूळ कोणते, प्रक्षिप्त कोणते, आणि जे प्रक्षिप्त ठरले त्याचे करायचे काय? जेर्मिन्यीच्या बाबतीत या प्रश्नाला एक विलक्षण किनार आहे. ज्याने हे चर्च उभारले तो स्वतः त्याच्या काळातला एक श्रेष्ठ संहिता-संपादक होता.

त्याचे नाव थिओडल्फ. जन्माने तो स्पेनकडचा, वंशाने गॉथ. ८ व्या शतकाच्या आरंभी अरबांनी स्पेन जिंकल्यावर तिथल्या ख्रिस्ती विद्वानांपैकी अनेकजण पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रँकांच्या राज्यात आले. थिओडल्फ त्यांतला एक. शार्लमेनच्या दरबारात इंग्लंडचा ऑल्क्विन, इटलीचा पॉल द डीकन अशी परदेशी पंडितांची जी मंडळी जमली होती तिच्यात त्याला मानाचे स्थान मिळाले, आणि ७९८ च्या सुमारास तो ओर्लेआँचा बिशप झाला. शेजारच्या फ्लरी मठाचे प्रमुखपदही त्याच्याकडे आले. हा मठ जेर्मिन्यीपासून काही किलोमीटरवर आहे. आज त्या गावाला सँ-बन्वा-स्युर-लुआर म्हणतात. (२० व्या शतकातील कवी माक्स जाकोब याच गावात वर्षानुवर्षे राहिला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये त्याला इथूनच अटक झाली, हे वाचकांना आठवत असेल.)

थिओडल्फ कवी होता, आणि नुसता दरबारी स्तुतिपाठक नव्हता. दक्षिण गॉलमध्ये बादशहाचा न्यायनिरीक्षक म्हणून फिरल्यानंतर त्याने न्यायाधीशांना उद्देशून नऊशेहून अधिक ओळींची एक दीर्घ कविता लिहिली. लाच घेऊ नका हा तिचा विषय. पण लाच म्हणून पुढे केलेल्या वस्तूंचे जे वर्णन तो करतो ते वाचताना या नीतिवादी माणसाचा डोळा कसा होता ते कळते. हर्क्युलीसच्या पराक्रमाची दृश्ये कोरलेले, वापरून वापरून झिजत चाललेले एक जुने चांदीचे पात्र; कोर्दोबाचे कमावलेले कातडे; अरबी अक्षरांची सोन्याची नाणी; पूर्वेकडची रंगीत वस्त्रे. पात्रावरची आकृती कुठे पुसट झाली आहे इथपर्यंत तो सांगतो. वस्तू नाकारायची आहे, पण ती नीट पाहिल्यावाचून नव्हे! आपल्या धर्मप्रांतातील पाद्र्यांसाठी त्याने काढलेल्या आदेशांत एक कलम असे आहे की खेड्यापाड्यांत शाळा चालवाव्यात, मुलांना प्रेमाने शिकवावे आणि पालक आपखुशीने देतील त्याखेरीज मोबदला घेऊ नये.

मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे बायबल. ८ व्या शतकाच्या अखेरीस लॅटिन बायबलच्या प्रतींत इतकी भेसळ झाली होती की एकसारखी प्रत मिळणे कठीण होते. ऑल्क्विनने तूर येथे बसून एक शुद्ध, सुवाच्य प्रत सिद्ध केली. पुढे तिच्या नकला युरोपभर गेल्या. थिओडल्फने त्याच सुमारास दुसरा मार्ग धरला. अनेक परंपरांच्या प्रती समोर ठेवून तो पाठ ताडून पाहत राहिला, आपले मत बदलत राहिला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या त्याच्या बायबलच्या एका प्रतीत समासात भिन्न पाठ लिहिलेले आहेत आणि त्यांच्यापाशी लहान खुणा आहेत. एक खूण ऑल्क्विनच्या प्रतीतील पाठासाठी, एक स्पॅनिश प्रतींसाठी, एक 'इतरां'साठी. ज्यांनी चिकित्सक आवृत्त्या हाताळल्या आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. वाचकाला एकच निर्णय हातात न देता त्या निर्णयामागचा पुरावाही देणे, ही ती पद्धत. ऑल्क्विनची प्रत लोकप्रिय झाली आणि थिओडल्फच्या थोड्याच प्रती उरल्या, हेही साहजिकच. समासातल्या खुणा सामान्य वाचकाला नकोच असतात.

असा हा माणूस जेर्मिन्यीला आपली वाडी बांधतो आणि तिच्यालगत एक खाजगी प्रार्थनागृह उभारतो. ते कसे होते?

सुमारे दहा मीटर बाजूचा एक चौरस. आत चार भक्कम खांब. त्यांच्यामुळे चौरसाचे नऊ खण पडतात. मधल्या खणावर उंच मनोरा. त्याच्या खिडक्यांतून प्रकाश खाली येतो. चारही दिशांना भिंतीतून बाहेर आलेला एकेक अर्धवर्तुळाकार कोनाडा, आणि पूर्वेच्या मोठ्या कोनाड्याच्या दोन्ही अंगांना आणखी दोन लहान कोनाडे. फ्रँकांच्या मुलुखातील तत्कालीन चर्च बहुधा लांबट असत: पश्चिमेला दार, पूर्वेला वेदी, मध्ये रांगेने खांब. इथे तसा लांबट ओघ नाही. कुठेही उभे राहिले तरी नजर मधल्या मनोऱ्याकडे वर जाते.

या आराखड्याचे मूळ कशात शोधायचे यावर बराच वाद झाला आहे. १० व्या शतकातील लेताल्दुस नावाच्या भिक्षूने लिहून ठेवले आहे की थिओडल्फने हे मंदिर आखेनच्या चर्चच्या धर्तीवर बांधले. आखेन म्हणजे शार्लमेनची राजधानी. तिथले त्याचे राजप्रार्थनागृह मध्ये अष्टकोनी आणि बाहेरून सोळा कोनांचे आहे. जेर्मिन्यीच्या चौरसाशी त्याचे साम्य कुठे आहे? १९ व्या आणि २० व्या शतकांतील अनेकांना लेताल्दुसचे विधान म्हणजे केवळ भाबडेपणा वाटले. कुणी आर्मेनियातील एचमिआद्झिनच्या चर्चकडे बोट दाखवले, कारण तिथेही चार मोकळे खांब आणि चार कोनाडे आहेत. कुणी स्पेनकडे वळले. जेर्मिन्यीच्या कमानी आणि कोनाड्यांची तळरेषा घोड्याच्या नालेसारखी आत वळलेली आहे. ही नालाकृती कमान आपण सवयीने इस्लामी वास्तुकलेशी जोडतो, पण पालेन्सिया प्रांतातील सान हुआन दे बान्योस हे चर्च ६६१ चे, म्हणजे अरब स्पेनमध्ये येण्याच्या अर्धशतक आधीचे; आणि त्यात ती आहे. गॉथ बिशपने आपल्या मायदेशाची कमान लुआरच्या काठी आणली असावी, हा तर्क म्हणूनच बराचसा पटण्यासारखा आहे.

पण लेताल्दुसला इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. १९४२ मध्ये रिचर्ड क्राउटहायमर यांनी मध्ययुगीन वास्तूंच्या 'प्रतिकृतीं'वर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मध्ययुगातला माणूस एका इमारतीला दुसरीची प्रतिकृती म्हणतो तेव्हा त्याला हुबेहूब नक्कल अभिप्रेत नसते. खांबांची संख्या, मध्यवर्ती रचना, एखादे माप, ज्या संताला वास्तू वाहिली त्याचे नाव, असे एकदोन गुण जुळले की पुरे. जुळणारे गुण अर्थवाही असले पाहिजेत, इतकेच. ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला नवी वाटू नये. एखादा कवी पूर्वसूरीचे 'अनुकरण' करतो म्हणजे ओळी उतरवून घेत नाही. आखेनशी जेर्मिन्यीचे नाते लेताल्दुसला दिसले ते मध्यवर्ती रचनेत, मनोऱ्यात, चकचकणाऱ्या कुट्टिमचित्रांत. त्याला जे दिसले ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण छायाचित्राच्या काळात वाढलो आहोत.

आता त्या कुट्टिमचित्राकडे वळू. पूर्वेच्या कोनाड्याच्या अर्धघुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर एक पेटी दाखवली आहे. तिला वाहून नेण्याचे दांडे आहेत. मराठी बायबलमध्ये जिला 'कराराचा कोश' म्हटले आहे ती ही पेटी. मोशेला मिळालेल्या आज्ञांच्या पाट्या तिच्यात ठेवल्या होत्या. पेटीवर दोन लहान करूब आहेत. त्यांच्या दोन बाजूंना, पंख उभारून, दोन भव्य देवदूत पेटीकडे झुकले आहेत आणि हातांनी तिच्याकडे निर्देश करीत आहेत. दोघांच्या मध्ये, वरून, देवाचा हात खाली येतो. बस, एवढेच. येशू नाही, मरिया नाही, संत नाहीत. त्या काळातल्या चर्चच्या अर्धघुमटात ज्यांची अपेक्षा करावी त्यांपैकी कोणीही नाही.

असे का? उत्तर एका पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक एका अनुवादाच्या चुकीतून जन्मले. ७८७ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने बायझंटाइन साम्राज्यातील मूर्तिभंजनाचा निषेध करून पवित्र प्रतिमांना मान देणे योग्य ठरवले. ग्रीक भाषेत परिषदेने काळजीपूर्वक भेद केला होता: प्रतिमेला वंदन करावे, पण उपासना फक्त देवाची. रोममध्ये या ठरावांचा जो लॅटिन अनुवाद झाला त्यात हा भेद बुडाला आणि दोन्हींसाठी एकच शब्द आला. फ्रँकांच्या दरबारी तो अनुवाद पोहोचला तेव्हा तिथल्या पंडितांना वाटले की ग्रीक लोक चित्रांची पूजा करायला सांगत आहेत. त्यांचे उत्तर म्हणून शार्लमेनच्या नावाने एक मोठा ग्रंथ ७९० नंतरच्या दोनतीन वर्षांत लिहिला गेला. 'लिब्री कारोलिनी' या नावाने तो ओळखला जातो. चित्रे फोडू नयेत आणि चित्रे पुजूही नयेत, अशी त्याची भूमिका आहे. चित्र शोभेसाठी आणि स्मरणासाठी असते; पावित्र्य असते ते शब्दात. याला अपवाद कराराच्या कोशाचा. तो माणसाच्या हौसेतून घडलेला नाही. निर्गमाच्या २० व्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नका असे बजावणारा देवच २५ व्या अध्यायात कोश कसा घडवावा, त्यावर करूब कसे बसवावेत याची मापे सांगतो.

हा ग्रंथ कोणाचा, यावर दीर्घकाळ मतभेद होते. ऑल्क्विनच्या बाजूने बोलणारे होते, थिओडल्फच्या बाजूने बोलणारे होते. १९५७ मध्ये ॲन फ्रीमन यांनी थिओडल्फच्या कर्तृत्वाचा जो पुरावा मांडला तो मोठा वाचनीय आहे. व्हॅटिकनमध्ये या ग्रंथाची मूळ कार्यप्रत आहे. तिच्यात ठिकठिकाणी खरवडून केलेल्या दुरुस्त्या आहेत. दरबारातल्या कुणीतरी लेखकाचे स्पॅनिश वळणाचे शुद्धलेखन 'सुधारले' होते, पण खरवडल्याच्या खुणा राहून गेल्या. शिवाय स्तोत्रांतील अवतरणे स्पेनच्या उपासनाविधीतील पाठाशी जुळतात. लेखक ती स्मरणातून देत होता आणि त्याचे स्मरण लहानपणीच्या चर्चमध्ये घडलेले होते. म्हणजे दुरुस्ती अपुरी राहिली, पूर्णपणे पुसता आली नाही, म्हणूनच कर्ता सापडला. पुढे पॉल मेव्हेर यांच्या साहाय्याने फ्रीमन यांनीच या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली.

तेव्हा जेर्मिन्यीचा कोनाडा हा त्या ग्रंथाचा एक परिच्छेदच आहे, काचेच्या आणि दगडाच्या तुकड्यांत लिहिलेला. पोपने निकायाच्या परिषदेला पाठिंबा दिल्यामुळे प्रत्यक्ष ग्रंथ बासनात गेला होता. आपल्या घराशेजारच्या प्रार्थनागृहात मात्र थिओडल्फने आपला मुद्दा सोडला नाही. चित्राखाली लॅटिन पद्यात एक लेख आहे. हे पाहणाऱ्या माणसा, पवित्र स्थान आणि करूब इथे पाहा, देवाच्या कराराचा कोश इथे झळकतो आहे. हे पाहताना प्रार्थना करशील तेव्हा तिच्यात थिओडल्फचेही नाव घे, असा त्याचा आशय. देवासाठी त्याने तिथे 'मेघगर्जना करणारा' असा शब्द वापरला आहे. प्राचीन रोममध्ये हे ज्युपिटरचे बिरुद होते. हर्क्युलीसचे पात्र नाकारणाऱ्या कवीने ज्युपिटरचे विशेषण मात्र ठेवून घेतले!

याउपर थिओडल्फचे दिवस फिरले. शार्लमेनच्या मृत्यूनंतर गादीवर आलेल्या लुई द पायसविरुद्ध त्याच्या पुतण्याने, इटलीच्या बर्नार्डने, ८१७ मध्ये बंड केले. त्यात हात असल्याच्या आरोपावरून थिओडल्फला ८१८ मध्ये पदच्युत करून आंजे येथे कैदेत ठेवले गेले. ८२१ मध्ये तो वारला. झावळ्यांच्या रविवारी पुढे शतकानुशतके गायले गेलेले 'ग्लोरिया, लाउस' हे स्तोत्र त्याने कैदेतच रचले अशी परंपरा आहे. ९ व्या शतकात लुआरच्या खोऱ्यात नॉर्मन टोळ्यांनी जाळपोळ केली, तिच्यात जेर्मिन्यीची वाडी गेली. प्रार्थनागृह होरपळले, पण उभे राहिले.

पुढच्या हजार वर्षांचा इतिहास सांगण्यासारखा नाही असे वास्तुकलेची जुनी पुस्तके मानत, आणि इथेच मला त्यांच्याशी भांडावेसे वाटते. बिशपचे खाजगी दालन गावाचे चर्च झाले. एका घरासाठी केलेल्या चौरसात सारे गाव मावेना. म्हणून पश्चिमेचा कोनाडा पाडून तिथे लांबट सभागृह जोडले गेले. मध्यवर्ती रचना बिघडली, हे खरे. पण तो बिघाड गावकऱ्यांनी केलेला अर्थबदल होता. ज्या जागेत एक विद्वान आपल्या मतांसह एकटा उभा राहायचा तिथे आता बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी होऊ लागले. भिंतींवर चुन्याचे हात चढले. अर्धघुमटातला कोश चुन्याखाली गेला आणि लोक त्याला विसरले. त्या विसरण्यानेच तो वाचला. कोणी त्याला जुनाट म्हणून उखडले नाही.

१९ व्या शतकाच्या पूर्वार्धात तो पुन्हा सापडला. गावातली मुले रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांशी खेळताना दिसली आणि हे तुकडे येतात कुठून याचा शोध घेता घेता चुन्याखालचे चित्र उघडे पडले, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, काळ अनुकूल होता. राज्यक्रांतीत झालेल्या नासधुशीनंतर फ्रान्स आपल्या जुन्या वास्तूंकडे नव्या नजरेने पाहू लागला होता. १८३० मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले. १८३४ पासून ते ज्याच्याकडे होते तो प्रॉस्पेर मेरीमे. 'कार्मेन'चा कर्ता म्हणून आपण त्याला ओळखतो, पण फ्रान्सभर घोडागाडीने फिरून ढासळत्या चर्चची टिपणे करणारा सरकारी अधिकारी हीही त्याची ओळख आहे. १८४० मध्ये संरक्षणीय वास्तूंची जी पहिली यादी निघाली तिच्यात जेर्मिन्यीच्या चर्चचे नाव आले.

यादीत नाव येणे म्हणजे वाचणे असे त्या काळी मुळीच नव्हते. त्या पिढीचा आचार्य होता व्हियोले-ल-द्युक. १८६६ च्या सुमारास आपल्या वास्तुकोशातील 'पुनःस्थापना' या नोंदीत त्याने बिनदिक्कत लिहिले की इमारतीची पुनःस्थापना म्हणजे डागडुजी नव्हे. तिला अशा परिपूर्ण अवस्थेत आणणे, जी अवस्था कदाचित कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नव्हतीच. या व्याख्येत एक प्रामाणिकपणा आहे. आपण काय करतो आहोत याची त्याला पुरती जाणीव होती. मराठीत आपण 'जीर्णोद्धार' म्हणतो. त्या शब्दात जीर्ण झालेले वर उचलण्याची कल्पना आहे, परिपूर्ण भूतकाळ नव्याने घडवण्याची नाही. व्हियोले-ल-द्युकच्या कल्पनेला नेमका मराठी शब्द मला सापडलेला नाही.

व्याख्या प्रसिद्ध झाली त्याच सुमारास, १८६७ मध्ये, जेर्मिन्यीचे काम लिशच्या हाती आले. हा माणूस अडाणी नव्हता. उत्तम शिक्षण झालेला, सरकारी सेवेत नावाजलेला. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनची आजची इमारत पुढे १८८० च्या दशकात त्याच्याच हातून उभी राहिली. जेर्मिन्यीची अवस्था खरोखरच वाईट होती. भिंतींना धोका होता, चुना सुटला होता. लिशने विचार केला तो असा की इमारतीचा मूळ कॅरोलिंगियन पाठ आपल्याला कळला आहे. तर मग ढासळता मजकूर टेकू देऊन कशाला ठेवायचा? त्याने कोनाडा वगळता जवळजवळ सारे उतरवले आणि नव्या दगडात बांधले. पूर्वेच्या मोठ्या कोनाड्यालगतचे दोन लहान कोनाडे नाहीसे झाले. मनोऱ्याचे रूप बदलले. खिडक्यांभोवतीची, कमानींवरची गचकामाची नक्षी आणि भिंतींवर उरलेले कुट्टिमकामाचे अंश गेले. त्यांचे काही तुकडे ओर्लेआँच्या संग्रहालयात पोहोचले. पश्चिमेचे सभागृहही नव्याने बांधले गेले. प्रतिष्ठापनेची तारीख सांगणारा खांबांवरचा लेखसुद्धा या उलथापालथीतून असा बाहेर आला की त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांना शंका घ्यावी लागली.

तेव्हाही विरोधी विचार नव्हता असे नाही. लिशच्या आधीच्या पिढीत दिद्रों नावाच्या पुरातत्त्वज्ञाने उतरंड सांगून ठेवली होती: दुरुस्तीपेक्षा बळकटी देणे बरे, पुनःस्थापनेपेक्षा दुरुस्ती बरी, नव्याने बांधण्यापेक्षा पुनःस्थापना बरी. इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ मध्येच पुनःस्थापनेला असत्य म्हटले होते. जेर्मिन्यीचे काम संपले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७७ मध्ये, विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जेर्मिन्यीसाठी हे सारे उशिराचे होते.

लिशला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यात फारसा अर्थ नाही. त्याने पाडण्यापूर्वी मोजमापे झाली, रेखाचित्रे निघाली. आज आपल्याला जुन्या इमारतीविषयी जे कळते त्याचा बराच भाग त्याच्या काळच्या कागदांतूनच कळतो. आक्षेप वेगळा आहे. कोणताही संपादक निर्णय घेतोच. ऑल्क्विनने घेतले, थिओडल्फनेही घेतले. पण संपादकाने सिद्ध केलेली आवृत्ती चुकीची ठरली तर मूळ हस्तलिखिते जागेवर असतात. पुढचा संपादक पुन्हा आरंभ करू शकतो. वास्तूच्या बाबतीत आवृत्ती हस्तलिखितावरच छापावी लागते. लिशला ९ व्या शतकाचा पाठ हवा होता म्हणून त्याने मधल्या हजार वर्षांचे पाठभेद काढून टाकले, आणि ते काढताना ज्या चुन्याच्या थरांतून, दगड घासण्याच्या तऱ्हांतून, सांध्यांतून ९ वे शतक ओळखायचे तेही गेले. व्हॅटिकनच्या प्रतीतल्यासारखी खरवडल्याची खूण इथे राहिली नाही. नालाकृती कमान खरोखर किती वळलेली होती, कोणता दगड थिओडल्फच्या गवंड्यांनी बसवला आणि कोणता आगीनंतरच्या दुरुस्तीत आला, हे प्रश्न भिंतीला विचारता येत नाहीत. भिंत १८७० ची उत्तरे देते.

याचा एक गमतीदार परिणाम पाठ्यपुस्तकांत दिसतो. तिथे छापलेला, चारही दिशांना कोनाडे असलेला सममित आराखडा तयार झाला तो १९ व्या शतकातील रेखाचित्रे आणि २० व्या शतकातील संशोधन यांच्या आधारे. तो गावकऱ्यांच्या चर्चचा नाही, कारण त्यांनी पश्चिमेचा कोनाडा पाडला होता. तो लिशच्या चर्चचाही नाही, कारण त्याने पूर्वेचे लहान कोनाडे काढले आणि पश्चिमेचे सभागृह ठेवले. विद्यार्थी जेर्मिन्यी म्हणून ज्याचा अभ्यास करतो ती इमारत आज कुठेही उभी नाही. तो एक संशोधित पाठ आहे, कागदावरचा. त्याला माझा आक्षेप नाही. कागदावर तो खोडून पुन्हा काढता येतो.

अर्धघुमटातले कुट्टिमचित्रही या हस्तक्षेपांतून सुटलेले नाही. १८४० च्या दशकात त्याची एकदा डागडुजी झाली, लिशच्या वेळी पुन्हा झाली. गळून गेलेल्या जागी नवे तुकडे बसले. तरीही आखेनच्या घुमटातले मूळ कुट्टिमचित्र नष्ट होऊन तिथे १९ व्या शतकातले आले असताना, कॅरोलिंगियन काळातले असे चित्र आज फ्रान्समध्ये इथेच पाहायला मिळते. कोणते तुकडे थिओडल्फच्या काळचे आणि कोणते नंतरचे, याची छाननी अभ्यासकांनी इंचाइंचाने केली आहे. जुन्या पाहणाऱ्यांनी दुरुस्तीपूर्वी काढलेली रेखाचित्रे शेजारी ठेवून देवदूताचा हात, कोशाची कडा, लेखातले एकेक अक्षर ते ताडून पाहतात आणि कोणता अंश कोणत्या काळाचा याच्या नोंदी करतात.